निकष क्रमांक पाच

जोहे, ता. पेण
२१ सप्टेंबर २०२५, रविवार

शीरा,

काय घडलं ते आधी लिहिते.

१. २० ऑगस्ट, बुधवार. डोलवीकडच्या एका ठेकेदाराच्या गोदामातून तांब्याच्या केबलचे चार ड्रम टेम्पोत चढून बाहेर गेले. वेळ दुपारी ३.२०. गेटपासवर प्रणितची सही.
२. ४ सप्टेंबर. साठा मोजला. चार ड्रम कमी.
३. ८ सप्टेंबर, सोमवार. प्रणितला अटक. गोदामाचा स्टोअरकीपर तोच. नोकराने केलेली चोरी आणि विश्वासघात, अशी कलमं.
४. ११ सप्टेंबर. पेणच्या दत्तात्रेय वकिलांचं वकीलपत्र दाखल.
५. १२ सप्टेंबर. पोलीस कोठडी संपली, न्यायालयीन कोठडी. सध्या अलिबागच्या जेलमध्ये.
६. १९ सप्टेंबर. पेण कोर्टाने जामीन नाकारला. कारण: माल मिळालेला नाही, टेम्पो मिळालेला नाही.
७. ३ ऑक्टोबर, शुक्रवार. अलिबागला सेशन्समध्ये जामिनाची सुनावणी.

माझा भाऊ चोर नाही, हे मी आठवा मुद्दा म्हणून लिहीत नाही, कारण ते मला सिद्ध करता येत नाही.

तुला आधी 'तुम्ही' लिहून पाहिलं. दोन ओळींनंतर कागद बदलला. पत्र लिहिण्याचं कारण, तुझा नंबर ब्लॉक आहे. तू मला केलंस की मी तुला, हे चार वर्षांनंतर आठवेना. तपासलं. मी. तो मोकळा करून लगेच फोन लावणं मला जमलं नसतं. तुझा क्लार्क हरेश सोमवारी आणि गुरुवारी पेण कोर्टात येतो असं कळलं. पत्र त्याच्या हाती देईन.

वकील कसा निवडला ते तुला कळलेलं बरं. नातेवाइकांना विचारलं तर सात जणांनी सात नावं सांगितली आणि प्रत्येकाचं कारण एकच, 'ओळखीतला आहे'. मी नागोठण्याला कंपनीत प्रेशर गेज कॅलिब्रेट करते, गेज बरोबर दाब दाखवतो का ते तपासते. गेज ओळखीचा आहे म्हणून मी तो पास करत नाही. तीन दिवस रजा घेतली आणि पेण कोर्टात मागच्या बाकावर वही घेऊन बसले. पुकारा झाल्यावर वकील किती वेळात उभा राहतो. कागद वाचून आला आहे की उभ्या उभ्या चाळतो. तारीख मागतो की बोलतो. बाहेर आल्यावर घरच्यांना काय झालं ते समजेल असं सांगतो का. पाचवा निकष, ऑफिस पेणमध्ये आणि रोज पेण कोर्टात हजर. प्रत्येकाला दहापैकी गुण.

पहिल्या दिवशी शेजारी एक बाई बसली होती. सीताबाई, खाडीकडच्या मिठागरातली. तिचा मुलगा जनू मारामारीच्या केसमध्ये दीड वर्ष तारखा करतोय. माझी वही बघून म्हणाली, "शाळा भरलीय का गो?" मी सांगितलं, वकील बघतेय. "बघ बघ. नवरा बी असाच बघायचा व्हता." मग तिने मला कुठे बसलं की साहेबांचं बोलणं ऐकू येतं ते दाखवलं. तिची मदत झाली.

तुझं नाव तक्त्यात होतं. पाचव्या निकषावर बाद झालं. तुझं ऑफिस रोह्याला.

दत्तात्रेय वकील माणूस चांगला आहे. आईला त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. १९ तारखेला त्यांच्या सहा केसेस होत्या. आमच्यासाठी ते चार मिनिटं दहा सेकंद बोलले. त्यात दोनदा प्रणितला 'प्रणव' म्हणाले.

तू केस घे असं मी म्हणत नाही. एफआयआर, गेटपासची प्रत आणि जामीन नाकारल्याचा आदेश सोबत आहेत. वाचून मत कळव. तेवढंच हवं आहे.

दिपिका


जोहे
२४ सप्टेंबर, बुधवार

शीरा,

तुझी चिठ्ठी सोमवारीच संध्याकाळी मिळाली. हरेश म्हणाला, "मॅडमनी कोर्टाच्या पायरीवरच लिहिली. उद्यापासून त्यांचं ज्यू लोकांचं नवीन वर्ष, दोन दिवस ऑफिस बंद." चार प्रश्न आहेत. नमस्कारही नाही. ते मला सोयीचं वाटलं.

प्रश्न एक: गेटपास कुणी भरला?

सही प्रणितची, बाकी अक्षर त्याचं नाही. टेम्पोच्या नंबरात दोन वेळा ७ आहे आणि दोन्ही सातांच्या पोटात आडवी रेघ आहे. प्रणित सात तसा काढत नाही. गोदामाच्या जुन्या चलनांवर सुपरवायझर निलेश तसा काढतो. ही चलनं आमच्याकडे आहेत, कारण प्रणित रद्दी घरी आणून आमच्या कारखान्यातल्या गणपतीच्या मूर्तींच्या पॅकिंगला वापरायचा. नऊ चलनं वेगळी काढली आहेत. निलेशने चोरी केली असं माझं म्हणणं नाही. सात त्याचा आहे, इतकंच म्हणते.

सही आधीची आणि मजकूर नंतरचा, हे असं का, ते दत्तात्रेय वकिलांनी आम्हाला बोलू नका सांगितलं आहे. तुला सांगते. गणपतीआधीचे तीन आठवडे जोह्यात कुणीही पूर्ण शिफ्ट करत नाही, तुला माहीत आहे. प्रणित तर आखणीवाला. त्याने डोळे काढल्याशिवाय कारखान्यातली मूर्ती हलत नाही. म्हणून दरवर्षी तो निलेशकडे तोंडी सुट्टी घ्यायचा. निलेश हजेरी लावायचा आणि प्रणित दहा-बारा कोऱ्या गेटपासवर सह्या करून ठेवायचा, मागे कुणाचं काम अडू नये म्हणून. गावातले अर्धे लोक कंपनीत असंच करतात. यात काही चूक आहे असं ८ सप्टेंबरपर्यंत कुणालाच वाटलं नव्हतं. मलाही नाही, आणि माझं तर कामच तपासून सही करायचं आहे.

प्रश्न दोन: २० तारखेला तो कुठे होता?

जोह्यात. कारखान्यात. सकाळी आठ ते रात्री नऊ. साक्षीदार घरचे, म्हणून दत्तात्रेय वकील म्हणाले, "घरच्यांच्या सांगण्याला कोर्ट काय विचारतंय."

प्रश्न तीन तू असा लिहिला आहेस: 'पाटाखाली पेन्सिलीने तारीख आणि नंबर लिहायचा. अजून लिहितो का? विकल्या न गेलेल्या मूर्ती बघ.'

मी हा प्रश्न तीनदा वाचला. प्रणित पाटाखाली काही लिहितो हे मला माहीत नव्हतं. आईला माहीत नव्हतं. मी त्या घरात जन्मले आणि वर्षाला शेकडो मूर्ती माझ्या समोरून गेल्या. त्यांपैकी एकही मी कधी उलटी करून बघितली नाही.

काल मंगळवारी संध्याकाळी कारखान्यात गेले. विकल्या न गेलेल्या सत्तावीस मूर्ती मागच्या फळ्यांवर आहेत, प्लॅस्टिक घालून. एकेक आडवी करून टॉर्चने बघितली. सत्तावीसच्या सत्तावीसवर आहे. तीन मूर्तींवर २०/८. नंबर ११४, १३१ आणि १४९. १९ तारखेचा शेवटचा मिळालेला नंबर १०८ आणि २१ चा पहिला १५६. म्हणजे २० ला त्याने निदान छत्तीस मूर्तींची आखणी केली. छत्तीस मूर्तींचे बहात्तर डोळे अर्ध्या दिवसात होत नाहीत. आणि १४९ नंबरची मूर्ती नागोठण्याच्या एका गिऱ्हाइकाने मागवून मग रद्द केली होती. "आत्ता आखणी चालू आहे" असा तिचा फोटो आईने त्याला पाठवला होता. फोटोत प्रणितचा हात आणि अर्धा चेहरा आहे. पाठवल्याची वेळ ३.३४. तीन वीसला डोलवीला टेम्पो भरून तो चौदा मिनिटांत जोह्यात पोचत नाही.

मूर्ती तशाच परत ठेवल्या. पंचनामा व्हायचा तर हात लावू नये, एवढं मला कळतं.

तुला हे कसं माहीत, हे मी विचारणार नाही. मला आठवतं. आपण पनवेलला जायचो, मी डिप्लोमाला, तू लॉला. त्या श्रावणात तू पहिल्यांदा जोह्यात आलीस. मी तुला घर दाखवायला आणलं होतं. कारखाना दाखवायचं माझ्या मनातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रणितने तुझ्या हातात ब्रश दिला. मी बारा वर्षांची असल्यापासून मागत होते. मला तो नेहमी एकच सांगायचा, "तुजा हात मोजतो, दीपे. डोळा मोजून होत नाय." त्या मूर्तीचा डावा डोळा तू काढलास आणि उजवा त्याने. तू मला विचारलंस, "फरक दिसतोय का?" मी म्हणाले, हो, दिसतोय. दिसत नव्हता.

प्रश्न चार: 'प्रणितने माझ्याबद्दल काही विचारलं का?'

याचा केसशी संबंध नाही.

दिपिका


जोहे
२८ सप्टेंबर, रविवार

शीरा,

शुक्रवारी तुझ्या ऑफिसातून आलेला कागद दोन ओळींचा होता. 'चौथं उत्तर टाळलंस. दुसऱ्या वकिलाच्या वकीलपत्रावर मी बोलत नाही. प्रणितला जाऊन विचार, त्याला कोण हवंय.'

काल, शनिवारी, अलिबागला जाऊन आले. त्याआधीचं सांगायला हवं.

पहिल्या पत्रातल्या यादीत तीन आणि चारच्या मध्ये एक मुद्दा कमी आहे. राहून गेलेला नाही. मी काढला होता. तो असा:

३अ. ९ सप्टेंबर, मंगळवार. पेण कोर्टात हजर केलं तेव्हा व्हरांड्यात पोलिसांनी पाच मिनिटं बोलू दिलं. प्रणित म्हणाला, "शीराला सांग." बाकी काही नाही. जेवण, आई, नोकरी, काही नाही. मी स्टँपवाल्याकडून कोरं वकीलपत्र आणलं. त्याने भिंतीवर कागद धरून वकिलाच्या नावाच्या जागी स्वतः लिहिलं, 'ॲड. शीरा एलियास अष्टमकर'. खाली सही, तारीख. हातात बेडी होती. तरी तुझ्या नावाच्या वेलांट्या त्याने आखणी करताना काढतो तशा काढल्या. हवालदार म्हणाला, "लवकर, कलाकार." प्रणित हसला. अटकेनंतर पहिल्यांदा.

तो कागद मी घडी करून बॅगेत ठेवला. मग कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले आणि वही उघडली.

म्हणजे वकील ठरलेला असताना मी वकील शोधायला बसले होते.

पहिले चार निकष खरे आहेत. ते त्याच दिवशी, कोर्टात बघत बघत लिहिले. दुसऱ्या दिवशी सीताबाई म्हणाली, "वयीत काय नाय गो गावायचं. रोह्याची ती इस्रायली वकीलीण बघ. माज्या जनूची केस तिनं घेतलीय आता. आदीचा वकील तारीख घ्यायचा, ही कागद वाचते. माज्यासमोर बसून वाचला, मना वाचून दाखवला." मी म्हटलं, ती लांब पडेल. सीताबाईने माझ्याकडे बघितलं. "पोलादपूरला नाय ऱ्हात ती. रोह्याला ऱ्हाते. तुजं काय भांडाण हाय का तिच्याशी?" मी नाही म्हटलं. योगायोगाने त्याच दिवशी जनूची तारीख होती. तू आलीस. मी खांबाच्या मागे सरकले. पुकाऱ्यानंतर उभी राहायला तुला दोन सेकंद लागले. कागदाकडे न बघता तू पान नंबर सांगितलास. बाहेर येऊन सीताबाईचा हात धरून तिला सगळं पहिल्यापासून सांगितलंस. तुला मी दहापैकी साडेनऊ दिले. दत्तात्रेय वकिलांना साडेसहा. अर्धा गुण तुझा का कापला, याला कारण नाही.

निकष क्रमांक पाच मी त्या संध्याकाळी घरी येऊन लिहिला. उत्तर ठरवून मग मोजमाप लिहिलं. माझ्या कामात याला एकच शब्द आहे आणि त्याच्यासाठी माणसाला काढून टाकतात.

११ तारखेला दुसरं कोरं वकीलपत्र घेऊन पोलीस ठाण्यात गेले. प्रणित म्हणाला, "परत कशाला?" मी म्हणाले, शीरा नाही म्हणाली, दुसरा वकील बघितलाय. तो "बरं" म्हणाला आणि कोऱ्या कागदावर सही करून दिली. वकिलाचं नाव त्याने विचारलं नाही. नाव मी बाहेर येऊन भरलं. गेटपासवरच्या सातातली रेघ मी ज्या भिंगाने तपासली, ते तेव्हा माझ्या पर्समध्येच होतं.

काल जेलमध्ये जाळीच्या पलीकडे तो बसला. मी सांगितलं, तिने मूर्तींच्या पाटाखाली बघायला सांगितलं. त्याचा चेहरा बदलला. "ती कशी सांगते? ती तर नाय म्हणाली व्हती ना?"

"तिला विचारलंच नव्हतं."

शेजारच्या खिडकीवर कुणीतरी बायकोला म्हशीबद्दल विचारत होतं. मग तो म्हणाला, "तू मना तसं सांगून किती दिवस झाले?"

"सोळा."

"सोळा दिवस मी तिच्यावर रागावून बसलोय, दीपे. आता तो राग कुटं ठेवू, सांग."

मी म्हणाले, माझ्यावर ठेव. तो म्हणाला, "तुज्यावर जागा नाय." हे त्याने रागाने म्हटलं की कसं, मला कळलं नाही. वेळ संपली. उठताना म्हणाला, "तिला सगळं लिव. तुजं शुद्ध करून नाय. हाय तसं."

आहे तसं असं आहे.

एलियासकाका आणि काकू, तुझे आईबाबा, इस्रायलला, अश्दोदला गेले तेव्हा तूही जाणार हे ठरलेलं होतं. मी दोन वर्षं स्वतःला तयार करत होते. मग एका रविवारी जेवताना प्रणित म्हणाला, "शीरा नाय जात. सनद घेऊन रोह्यालाच वकिली करणार." सगळे खूश झाले. मी भात संपवला, हात धुतला आणि तुझा नंबर ब्लॉक केला. तू राहणार याचा मला जेवढा आनंद झाला असता तेवढा कुणालाच झाला नसता. पण ते तू आधी त्याला सांगितलंस. तू मला पाच फोन केलेस, आईच्या फोनवर दोन. मी घरात होते.

तुमच्यात काय होतं ते मी विचारलं नाही. 'काही नाही' हे उत्तरही मला चाललं नसतं. मला हेवा तुझा वाटत होता की त्याचा, हे मी चार वर्षं ठरवू शकले नाही. तू आलीस म्हणून तो माझा राहिला नाही असं वाटायचं, आणि तो होता म्हणून तू. कुणालाच मी वाईट ठरवू शकत नव्हते, म्हणून दोघांपासून लांब राहिले. ९ तारखेला मला पहिल्यांदा संधी मिळाली की तुमच्यामध्ये जे काही जाईल ते माझ्या हातातून जाईल. मी ते जाऊ दिलं नाही. त्याची किंमत माझा भाऊ जेलमध्ये मोजतोय, आणि मी रोज रात्री पंखा लावून झोपते.

तू चार नंबरचा प्रश्न विचारला होतास. उत्तर: हो. पहिल्या दिवशी. तुझ्याशिवाय दुसरं काहीच विचारलं नाही.

आता कामाचं. दत्तात्रेय वकिलांना काल संध्याकाळी भेटून खरं सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, मला आधी सांगितलं असतंस तर मीच नेऊन दिली असती केस. तिच्यासमोर मी दोनदा हरलोय." त्यांनी ना हरकत लिहून दिली आहे. सोबत जोडली आहे. नऊ चलनं, ३.३४ च्या फोटोची प्रिंट, तीन मूर्तींचे फोटो जोडले आहेत. मूर्ती जागेवर आहेत. कारखान्याला कुलूप लावून किल्ली मी माझ्याकडे न ठेवता आईकडे दिली आहे.

सगळ्यात खाली ९ तारखेचं वकीलपत्र आहे. घडी पडली आहे, बाकी ठीक आहे. प्रणितला काल विचारलं, नवीन करून आणू का. तो म्हणाला, "त्यावर तिचं नाव मी लिवलंय. तेच दे."

२ तारखेला तुमचा दारफाळणीचा सण आहे, कडक उपासाचा. १ च्या संध्याकाळी तू दार लावून घेशील आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत कुणाशी बोलणार नाहीस, हे मला माहीत आहे. एका वर्षी तुमच्या ओट्यावर तू दार उघडायची वाट बघत मी बसले होते. ३ तारखेला शिळा सण, त्या दिवशी तुमच्यात एकमेकांकडे जाऊन माफी मागतात, आणि त्याच दिवशी सुनावणी आहे. त्या दिवसाच्या आडोशाने काही मागायचं नाही असं मी ठरवलं आहे. म्हणून आधीच लिहिते. माफी मागत नाही. ती तुझ्या वेळेने, किंवा कधीच नाही. केस मात्र घे. माझ्याशी बोलायची गरज नाही. कागद हरेशमार्फत येत-जात राहतील, आणि कोर्टात मी मागच्या बाकावरही बसणार नाही, आई बसेल.

तुझा नंबर मी आज सकाळी मोकळा केला आहे.

हो की नाही, एवढं मंगळवार, ३० सप्टेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत कळव.

दिपिका